प्लॅन ३०० चा, बेडरूममध्ये ३०

सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी विचारतंच, "तुमच्याकडे नेट कोणाचं आहे? आमचं फारच स्लो झालंय." मग पाचजण पाच कंपन्या सुचवतात. विचारणारा कंपनी बदलतो, नाहीतर १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिटचा) प्लॅन ३०० चा करून घेतो. महिन्याभराने आतल्या खोलीत व्हिडिओ तसाच गरगरत असतो. पैसे वाढवले वायरीसाठी, अडत होतं हवेत. दाराशी आलेलं इंटरनेट आणि हातातल्या फोनपर्यंत पोचलेलं इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुंबईतल्या बहुतेक घरांत घोळ होतो तो या दोघांमधल्या पंचवीस-तीस फुटांत.

आधी दाराशी काय येतं ते बघू. पूर्वी केबलवाला गच्चीवरून लॅन वायर खाली सोडून खिडकीतून आत घ्यायचा. आता बहुतेक ठिकाणी फायबर येतो. केसाएवढी काचेची तार, तिच्यावर प्लास्टिकचं आवरण आणि टोकाला बहुधा हिरवं कनेक्टर. ही तार ज्या डबीत शिरते ती ओएनटी. प्रकाशाची विजेत आणि विजेची प्रकाशात अदलाबदल करणं एवढंच तिचं मूळ काम. घरगुती फायबरची रूढ पद्धत जीपॉन. तिच्यात एकाच तारेतून खाली येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि वर जाणारा १३१० नॅनोमीटरचा असतो, म्हणून दोघे एकमेकांच्या आड येत नाहीत. कंपनीच्या ऑफिसातून निघालेली एक तार वाटेत स्प्लिटरमधून फुटते आणि ३२ किंवा ६४ घरांना पुरते. खाली येताना सगळ्यांना मिळून साधारण अडीच गिगाबिट, वर जाताना सव्वा. या स्प्लिटरला वीज लागत नाही. त्यामुळे इमारतीची वीज गेली तरी तुमच्या ओएनटीला आणि राउटरला बॅटरी असेल तर नेट चालू राहतं. उलट, फायबर फक्त तळमजल्याच्या मीटर रूमपर्यंत किंवा लिफ्टच्या खोलीतल्या स्विचपर्यंत (एका वायरीतलं नेट अनेक वायरींत वाटणाऱ्या डबीपर्यंत) येऊन पुढे तांब्याची लॅन वायर घरोघर जात असेल, तर तो स्विच बंद पडला की तुमचा इन्व्हर्टर असून नसून सारखाच. शिवाय गच्चीवरून लोंबणारी तांब्याची वायर पावसाळ्यात विजेचा झटका थेट राउटरपर्यंत आणू शकते. काच तो आणत नाही.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने मुंबईसह काही शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा टेलिफोनच्या लाइनवरून काही किलोबिटचा वेग मिळायचा. तेव्हा अडायचं ते वायरीतच. आज मुंबईकराला वायरीबद्दल तक्रार करायला फारशी जागा नाही. समुद्राखालून आलेल्या आंतरराष्ट्रीय केबली वर्सोव्याला किनाऱ्यावर चढतात. ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटर उभी आहेत, म्हणजे तुम्ही बघता तो व्हिडिओ बऱ्याचदा खाडीपलीकडूनच येत असतो. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. तीस किलोमीटर जाऊन परत यायला त्याला एक मिलिसेकंदही लागत नाही.

आता ती डबी, जिला आपण सरसकट राउटर म्हणतो. हल्ली ओएनटीसुद्धा तिच्यातच बसवलेला असतो. खरं तर तिच्या पोटात तीन-चार वेगवेगळी यंत्रं आहेत. मागच्या लॅन पोर्टना एकमेकांशी जोडणारा स्विच, हवेत बोलणारा अॅक्सेस पॉइंट, घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणारा एक छोटा प्रोग्राम आणि घर व बाहेरचं जग यांच्या उंबऱ्यावर बसलेला खरा राउटर.

पत्त्यांचा मामला समजून घेण्यासारखा आहे. फोन वायफायला जोडला की तो आधी पत्ता मागतो. राउटर त्याला १९२.१६८.१.७ असा काहीतरी पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतो. हा पत्ता घरापुरताच. शेजारच्या घरातही १९२.१६८.१.७ असू शकतो, दादरपासून दहिसरपर्यंत हजारो घरांत असू शकतो. असे काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. बाहेर बोलायला मात्र जगात एकमेव असा पत्ता लागतो, आणि जुन्या पद्धतीचे असे पत्ते जेमतेम ४२९ कोटी. त्यांचे शेवटचे मोकळे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले. म्हणून राउटर सगळ्या घराच्या वतीने एकच पत्ता वापरतो. तुमच्या फोनने एक वेबपेज मागितलं आणि त्याच क्षणी टीव्हीने मालिकेचा पुढचा तुकडा मागितला, तर राउटर दोन्ही मागण्यांवर वेगवेगळे पोर्ट क्रमांक टाकून बाहेर पाठवतो आणि कोणता क्रमांक कोणाचा याचा तक्ता ठेवतो. उत्तर आलं की तक्ता बघून ज्याचं त्याला देतो. कोणीच न मागितलेलं काही बाहेरून आलं तर तक्त्यात नोंद सापडत नाही, आणि राउटर ते टाकून देतो. घराची बरीचशी सुरक्षा ही अशी जाता जाता मिळालेली आहे.

पुष्कळ कंपन्या याच युक्तीचा आणखी एक थर वर चढवतात, म्हणजे कित्येक ग्राहक मिळून एक खरा पत्ता. राउटरच्या स्टेटस पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसला, तर तुमचंही तसंच आहे. ब्राउझिंगला काही फरक पडत नाही. पण ऑफिसात बसून घरच्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डर, थेट उघडायची खटपट करणाऱ्यांनी आधी हे तपासावं. राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड केले, म्हणजे तक्त्यात आपणहून कायमच्या नोंदी टाकल्या, तरी वरच्या थराच्या तक्त्यात नोंद नसते. मग कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे कायमचा खरा पत्ता, घ्यायचा, आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत वापरायची, नाहीतर कॅमेरा कंपनीच्या अॅपमधूनच बघायचं.

हवेकडे जाण्याआधी लॅन वायरीला थांबायला हवं, कारण एक फसवा दोष तिथे लपलेला असतो. प्लॅन ३०० चा, लॅपटॉप वायरीने जोडलेला, आणि स्पीड टेस्ट काही केल्या ९४-९५ च्या वर सरकत नाही. असा आकडा दिसला की कंपनीला फोन करू नका, वायरीचं टोक डोळ्यांसमोर धरा. पारदर्शक प्लगमधून आठ बारीक तारा दिसतात. नारिंगीची जोडी, हिरव्याची जोडी, निळ्याची आणि तपकिरीची. १०० एमबीपीएसला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या लागतात. गिगाबिटला चारही लागतात. घाईत क्रिंप करताना, म्हणजे तारा प्लगमध्ये दाबून बसवताना, निळी किंवा तपकिरी तार नीट बसली नाही, दारात चेमटली, किंवा मुळात चारच तारांची स्वस्त वायर टाकलेली असेल, तर दोन्ही टोकांची यंत्रं आपसात ठरवून मुकाट्याने १०० वर उतरतात. कुठेही लाल दिवा लागत नाही, काही तुटल्यासारखं वाटत नाही. प्लग नव्याने क्रिंप करून घेतला की काम झालं. वायर बरोबर असूनही तोच आकडा आला तर राउटरचे पोर्ट बघा. खोक्यावर १२०० लिहिलेल्या कितीतरी स्वस्त राउटरना मागे लॅन पोर्ट १०० चेच असतात.

त्या १२०० चंही ऐकून घ्या. २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७, बेरीज ११६७, गोल करून १२००. बहुतेक फोन एका वेळी यांतल्या एकाच बँडवर, म्हणजे पट्ट्यावर, असतात, त्यामुळे ही बेरीज कोणालाच मिळत नाही. शिवाय हे आकडे आदर्श परिस्थितीतले. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळालं तरी उत्तम समजा. आणि हे सगळं बिटमध्ये. फाइल डाउनलोड होताना दिसतो तो आकडा बहुधा बाइटमध्ये असतो, म्हणून १०० एमबीपीएसवर तिथे साडेबाराच्या आतच दिसणार.

हवेत काय चालतं?

वायफाय ही रेडिओच आहे. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, ५ ची सहाच्या आसपास. हे पट्टे विनापरवाना वापरता येतात. ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग भारतात २०१८ मध्ये असा खुला झाला. विनापरवाना याचा अर्थ तिथे कोणाचाच हक्क नाही. ब्लूटूथ, वायरलेस माउस, कॉर्डलेस फोन, सगळे २.४ मध्येच घुसलेले. मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण २.४५ वर चालतो आणि त्याच्या दारातून जी थोडीशी गळती होते तेवढीही राउटरचं बोलणं बुडवायला पुरते. पापड भाजायला ठेवल्यावर मीटिंग अडकत असेल तर तो योगायोग नव्हे.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं, हा वायफायचा मूळ नियम. वायरीत जाणं-येणं एकाच वेळी चालतं, हवेत नाही. प्रत्येक यंत्र आधी ऐकतं. कोणी बोलत असेल तर थांबतं. शांत झालं की काही मायक्रोसेकंदांची स्वैर वाट बघतं आणि मग बोलतं. ऐकणाऱ्याने 'पोचलं' अशी पावती दिली नाही तर तेच पुन्हा पाठवतं. स्वैर वाट एवढ्यासाठी की दोघे एकदम सुरू होऊ नयेत. म्हणजे हवेत वाटून घ्यायचा असतो तो वेळ. वेग या वेळातूनच निघतो. आता समजा हॉलमधला फोन राउटरशी सेकंदाला ३०० मेगाबिटने बोलतोय आणि टोकाच्या खोलीतला जुना टॅब्लेट सिग्नल कमजोर म्हणून ६ ने. तेवढाच डेटा न्यायला टॅब्लेटला ५० पट वेळ लागतो, आणि तोपर्यंत हॉलमधला चांगला फोन गप्प. घरातलं सर्वांत रडकं उपकरण अशा रीतीने बाकी सगळ्यांना मागे खेचतं.

हा नियम तुमच्या घराच्या भिंतीपाशी संपत नाही, आणि मुंबईची गोम तिथेच आहे. शेजाऱ्याचा राउटर त्याच चॅनलवर असेल तर तुमचे आणि त्याचे फोन एकाच रांगेत. पासवर्ड वेगळे असतात, हवा एकच. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. वर-खाली, दोन्ही बाजूंना, समोरच्या विंगमध्ये, असे वीसेक राउटर सहज ऐकू येतात आणि ते या तिघांत कोंबलेले असतात. त्यात एखादा हुशार माणूस 'सगळे ६ वर आहेत, मी ४ घेतो' म्हणतो. हे सगळ्यांत वाईट. ६ वरचे एकमेकांचं बोलणं ओळखतात आणि शिस्तीत थांबतात. ४ वरचा त्यांना आणि ते त्याला नुसता गोंगाट म्हणून ऐकू येतात, आणि दोघांचीही पाकिटं, म्हणजे डेटाचे पाठवलेले तुकडे, फाटतात. गर्दीच्या १ वर राहणं त्यापेक्षा बरं. २.४ ची रुंदी ४० मेगाहर्ट्झ करण्याचा मोहही टाळा. राउटरमध्ये २० वर ठेवा.

५ गिगाहर्ट्झवर जागा ऐसपैस आहे, आणि तिथल्या लहरी भिंतीत लवकर दमतात, हा दोष इथे गुणच ठरतो. शेजाऱ्याचा आवाज तुमच्यापर्यंत कमी पोचतो. या पट्ट्यातल्या ५२ ते १४४ या मधल्या चॅनलांची एक गंमत आहे. तिथे रडारही काम करतात. म्हणून अनेक राउटर तिथे जाण्याआधी निदान मिनिटभर नुसते ऐकत बसतात आणि नंतरही रडारची चाहूल लागली तर चॅनल सोडून पळतात. अंधेरीतल्या वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँड डॉप्लर रडार आहे आणि अशी हवामान रडारं साधारण ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. जोगेश्वरी-अंधेरीकडे कोणाचं ५ गिगाहर्ट्झ मधूनच गायब होऊन परत येत असेल, तर चॅनल ३६ किंवा १४९ वर पक्कं करून बघायला हरकत नाही.

वायफाय ६ चं काय, असं विचाराल. त्यात राउटर आपल्या एका पाळीतच अनेक उपकरणांचं थोडं-थोडं काम उरकू शकतो, त्यामुळे वीस-पंचवीस उपकरणांच्या घराला फायदा होतो. शेजाऱ्याला गप्प बसवण्याची सोय त्यातही नाही.

भिंती आणि टाकी

राउटर कुठे असतो? फायबर जिथून घरात आला तिथेच. म्हणजे मुख्य दारावर, चपलांच्या कपाटावर, नाहीतर मीटरच्या बाजूच्या कोनाड्यात. बेडरूम दुसऱ्या टोकाला, आणि मधोमध मोरी, बाथरूम, किचन. सिग्नल डेसिबलमध्ये मोजतात. तीन डेसिबल गेले की ताकद निम्मी, दहा गेले की दहावा भाग. काँक्रीटची भिंत सहज दहा-पंधरा डेसिबल खाते. अशा दोन भिंती पार करून शंभरावा भागही उरेलच असं नाही. नव्या टॉवरमधली माइव्हन पद्धतीची बांधकामं या बाबतीत फार कडक. तिथे खोल्यांमधल्या भिंतीही विटांच्या नसून सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात. जुन्या चाळीतल्या लाकडी पार्टिशनमधून सिग्नल आरामात जातो, पण त्याच कारणाने दहा बिऱ्हाडांचे राउटरही तुमच्या खोलीत येतात. आणि मुंबईच्या घरातला एक खास अडथळा म्हणजे बाथरूमच्या माळ्यावरची पाण्याची टाकी. पाणी या लहरी भराभर शोषतं. राउटर आणि बेडरूमच्या रेषेत भरलेली टाकी असेल तर सकाळी पाणी आल्यावर सिग्नल पडतो आणि संध्याकाळी टाकी उतरल्यावर थोडा सुधारतो. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा तर लहरी परतवूनच लावतात.

उभ्या अँटेनाभोवती सिग्नल मेदूवड्याच्या आकाराने पसरतो. भोकात अँटेना, सभोवार भरपूर, टोकाच्या थेट वर आणि थेट खाली जवळजवळ काहीच नाही. म्हणून अँटेना बेडरूमच्या दिशेने रोखून ठेवला की बरोब्बर उलटा परिणाम होतो. उभाच ठेवा. चार अँटेना म्हणजे चौपट पल्ला, असंही काही नसतं. ते मुख्यतः एकाच वेळी अनेक प्रवाह पाठवायला असतात.

फोनवर वायफायच्या काड्या पूर्ण असूनही काही उघडत नाही, याचा खुलासाही इथेच आहे. काड्या दाखवतात ते राउटरचं बोलणं फोनला किती ऐकू येतं ते. फोनची बॅटरी छोटी, अँटेना छोटा, आवाज राउटरपेक्षा क्षीण. त्याची पावती राउटरपर्यंत पोचलीच नाही तर राउटर तेच ते पुन्हा पाठवत राहतो. 'पॉवरफुल' राउटर आणून हे सुटत नाही. राउटर फोनच्या जवळ नेऊनच सुटतं.

म्हणून फायबरवाल्याला पहिल्याच दिवशी सांगावं, दाराशी थांबू नका, वायर हॉलच्या मध्यापर्यंत ओढा. भाड्याच्या घरात ड्रिल नको असेल तर चपटी लॅन वायर स्कर्टिंगच्या कडेने जाते. नव्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या केबलसाठी भिंतीत पाइप टाकलेले असतात, ते बघा. स्वस्तातला रिपीटर मी शक्यतो सुचवत नाही. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, म्हणजे हवेतला वेळ दुप्पट खातो आणि वेग साधारण निम्मा करतो. मेश, म्हणजे घरभर एकच वायफाय पसरवणाऱ्या डब्यांचा संच, घेतलात तरी त्याचे दोन डबे लॅन वायरीने जोडता आले तर त्याचं चीज होतं. नाहीतर निदान दुसरा डबा अशा जागी ठेवा जिथे पहिल्याचा सिग्नल अजून धडधाकट आहे. जिथे सिग्नल मेला तिथेच दुसरा डबा ठेवण्याची चूक सर्रास होते.

दोष कुठे आहे हे ओळखायला पाच मिनिटं पुरतात. लॅपटॉप लॅन वायरीने जोडून स्पीड टेस्ट घ्या. मग फोन राउटरच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झवर, मग बेडरूममध्ये. वायरीवर पूर्ण वेग आणि बेडरूममध्ये दहावा हिस्सा असेल तर प्लॅन वाढवून छदामाचा फरक पडणार नाही. याहून पक्की खूण म्हणजे बेडरूममधून राउटरच्याच पत्त्याला, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ ला, पिंग करणं, म्हणजे छोटं पाकीट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. आकडे दोन-पाच मिलिसेकंदांत राहिले तर हवा ठीक. मध्येच २०० आणि ४०० च्या उड्या दिसल्या तर दोष घरातलाच आहे, कारण हे पाकीट दाराबाहेर गेलेलंच नाही. राउटरपर्यंत सगळं ठीक असूनही मीटिंग तुटत असेल तर बघा, कोणाच्या फोनवरून विसर्जनाचे व्हिडिओ क्लाउडवर चढतायत का. अपलोडची रांग भरली की तुमच्या बोलण्याची पाकिटं तिच्या शेवटी जाऊन उभी राहतात.

सुरक्षेचं थोडक्यात. सेटिंगमध्ये वायफायच्या कुलपाची पद्धत डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ असू द्या, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने झटपट जोडण्याची सोय) बंद करा, आणि राउटरच्या पानाचा अॅडमिन पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड बदलला तरी तो आपोआप बदलत नाही. पाहुणे, स्वस्त कॅमेरे आणि स्मार्ट बल्ब गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे त्याच राउटरच्या वेगळ्या वायफायवर.

आणि नेट खरंच बंद पडलं तर आधी ओएनटीवरचे दिवे बघा. एलओएस नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच येत नाहीये. पिवळी किंवा काळी बारीक वायर कुठे फर्निचरमागे चेपली, काटकोनात मुडपली असेल तर सोडवा, नाहीतर बाहेर तुटलीय. कंपनीला 'नेट स्लो आहे' असं सांगण्यापेक्षा 'एलओएस लाल आहे' किंवा 'वायरीवर ३०० ऐवजी ४० येतंय' असं सांगा, तक्रार लवकर पुढे सरकते. फोनवर समोरचा रिसेट करायला सांगेल. बंद करून चालू करणं वेगळं आणि मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसणं वेगळं. टाचणीने राउटर कोरा होतो, कंपनीने त्यात भरलेलं युजरनेम-पासवर्डही जातं, आणि ते परत भरायला माणूस येईपर्यंत घर बंद. ते दोन्ही आधीच कागदावर लिहून राउटरच्या खाली चिकटवून ठेवा.